चाल : स्वतंत्र

एप्रिल लागला की पुंडलिकनगरच्या गल्ल्यांत दोन आवाज एकदम सुरू होतात. एक कूलरचा आणि दुसरा संगीताच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा. खिडकीतला पत्र्याचा कूलर घरघरत असतो, त्यातल्या ओल्या वाळ्याचा वास रस्त्यापर्यंत येतो, आणि त्या घरघरीमागून कुणीतरी सारेग, रेगम, गमप करत स्वरांचा जिना चढत असतं. काल संध्याकाळी मी तिथून चालले होते. कडुनिंबाचा बारीक फुलोरा उभ्या स्कूटरांच्या सीटवर सांडला होता. एका घरात एक मुलगी घोकत होती, शुद्ध स्वर सात, विकृत स्वर पाच. मी रस्त्यातच थांबले. मागून रिक्षावाला "बाजू हो ना दीदी" म्हणाला, तेव्हा बाजूला झाले.

विकृत या शब्दावरून मी काही वर्षांपूर्वी याच गल्लीत, एका गच्चीवरच्या खोलीत भांडले होते. त्या उन्हाळ्यात मी पुष्कळ भांडले. त्या उन्हाळ्यात पप्पांचा आवाज जाणार होता.

माझं बालपण पत्रकांत गेलं. पप्पा वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर होते आणि शिफ्ट सुटली की पत्रकं लिहीत. पाण्याच्या टँकरवर, कंत्राटी कामगारांच्या पगारावर, वस्तीतल्या बंद पडलेल्या वाचनालयावर. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत गुलाबी, पिवळ्या, पोपटी स्वस्त कागदांचे गठ्ठे असत आणि फोडणीच्या वासात शाईचा वास मिसळलेला असे. पत्रक एकाच बाजूने छापलेलं असतं. मागची कोरी बाजू माझी. अ आ इ मी तिथंच गिरवलं, गणितं तिथंच सोडवली. पुढं 'कामगारांनो, जागे व्हा' आणि मागं माझे पाढे. वाचता येऊ लागल्यावर मला वाटायचं, जगातलं प्रत्येक वाक्य कुणाला तरी जाब विचारायलाच लिहिलेलं असतं. अजूनही थोडं तसंच वाटतं.

जयंतीच्या महिन्यात पत्रकांवर गाणी येत. पप्पांची गायन पार्टी होती. गायला पप्पा, पेटीवर शेषराव काका, ढोलकीला आणि मागं म्हणायला कंपनीतलेच सोबती. गाण्याच्या पत्रकाची एक रीत असते. शब्दांच्या वर, कोपऱ्यात 'चाल :' असं लिहायचं आणि पुढं एखाद्या गाजलेल्या सिनेमागीताचं नाव. म्हणजे ज्याच्या हातात कागद पडेल त्याला कुणालाही न विचारता गाता येतं. आमच्या सगळ्या गाण्यांवर असं कुणाचं ना कुणाचं नाव होतं. फक्त एका गाण्यावर लिहिलेलं असे, 'चाल : स्वतंत्र'.

ते गाणं पप्पांनी त्यांच्या आईवर केलं होतं. ती कधी शाळेत गेली नाही. पण पप्पा लहानपणी वर्गातून पळून यायचे, म्हणून कामाचा खाडा करून ती शाळेच्या पायरीवर बसून राहायची. 'माय पायरीला बसली, शाळा सुटंस्तोवर.' यातल्या 'सुटं'वर सूर असा काही खाली दबायचा, की वाटावं पायरीवरची बाई जरा आणखी टेकून बसली. सगळ्या वस्तीला ते गाणं पाठ होतं. बाया भांडी घासता घासता म्हणायच्या आणि नेमका तो सूर तसाच दाबायच्या.

त्या वर्षी थंडी सरताना पप्पांचा घसा बसला तो सुटलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनचा नंबर जयंतीनंतरचा लागला. घरी जेवताना, घास मोडता मोडता, त्या खरखरीत आवाजात म्हणाले, "संघे, शब्द मी जन्मभर छापले. चाल कुठं छापून मिळती का?"

मी म्हणाले, मोबाइलमध्ये घेऊ की.

"मोबाइलमधलं लोक ऐकत्यात. मला ते कुणीतरी म्हणायला पाहिजे."

'स्वतंत्र' या शब्दाच्या पुढं काहीतरी लिहिता यायला हवं होतं, की ज्याच्या हातात तो कागद पडेल त्याला ते गाता यावं. म्हणून मी स्वरलिपी शिकायला निघाले. मला गायिका व्हायचं नव्हतं. मला एक कागद पुरा करायचा होता.

वैशाली मॅडम मूळच्या कन्नडकडच्या, चांगल्या बागायतदार घरातल्या. त्या घरात मुलीनं गाणं शिकणं म्हणजे लग्नाआधीची हौस. त्यांनी ती लग्नानंतरही सोडली नाही आणि पुंडलिकनगरात गच्चीवर क्लास काढला. एरवी अगदी पुस्तकी बोलायच्या, पण चिडल्या की तालुक्याची बोली तोंडात यायची. मी त्यांना सांगितलं की जयंतीच्या आत मला एक चाल लिहायला यायला हवी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आधी नुसता सा लावायला लावला. त्या दिवशी दुसरं काहीच नाही. सा, श्वास, परत सा. खोलीतला कूलर एका पट्टीत घरघरत होता आणि माझा आवाज सारखा त्याच्या पट्टीत जाऊन बसत होता. मॅडमनी उठून कूलर बंद केला. मग नुसतं ऊन, घाम आणि माझा डुगडुगणारा सा.

सा आणि प हे अचल, त्यांनी सांगितलं. ते जागा सोडत नाहीत. बाकीचे पाच खाली-वर सरकतात, आणि सरकले की त्यांना विकृत म्हणतात. मी तिथंच हात वर केला. जागा सोडली म्हणून विकृत, ही भाषा कुणाची? मग रागात न चालणारा स्वर, तो वर्ज्य. मी परत हात वर केला. पुढं वादी स्वर म्हणजे राजा, संवादी म्हणजे प्रधान, अनुवादी म्हणजे सेवक, विवादी म्हणजे शत्रू. माझं पेन थांबलं.

"मॅडम, आमच्याकडं राजा नसतो. संविधान असतं."

शेजारची शाळकरी पोरं खिदळली. मॅडमही हसल्या. "बरं. मग वादी स्वराला काय म्हणायचं, अध्यक्ष?"

"निवडून आलेला असला तर चालेल."

"निवडूनच आलेला असतो गं. सगळ्यांत जास्त वेळा ज्याच्याकडं परत यावंसं वाटतं, तो वादी."

हे मी वहीत लिहून घेतलं. पण 'रागाची जाती सांगा' या प्रश्नावर मी हटले नाही. राग पाच स्वरांचा, सहा की सात, एवढंच त्यात विचारायचं असतं. मी म्हणाले, मग एवढंच विचारा ना. मॅडमनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "मी पुस्तक बदलू शकत नाय, संघमित्रा. तू किती स्वरांचा ते लिही. मी तेच बरोबर धरीन." आणि त्यांनी ते धरलं. परीक्षेत कुणी धरलं असतं की नाही, माहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून न भांडता पटली. ताल हातावर मोजायला शिकवतात, तेव्हा काही मात्रांवर टाळी असते आणि एका मात्रेवर खाली. खाली म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा. मात्रा असते, आवाज नसतो. मी ते बसमध्ये करत यायचे, टाळी, टाळी, उघडा तळवा, टाळी. समोर बसलेल्या बाईला वाटायचं मी तिच्याकडं काही मागते आहे.

घरी आले की पप्पा आणि मी ओट्यावर बसायचो. ते एक ओळ हळू म्हणायचे, मध्ये पाणी प्यायचे, आणि मी जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. त्यांचा सा पांढरी दोनवर, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर होता. कोमल स्वराखाली आडवी रेघ, वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब. पप्पा माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे. एकदा म्हणाले, "येवढ्याशा टिंबात माझा येवढा मोठा आवाज बसला व्हय." मला हसू आलं आणि लगेच थांबलं.

अर्धं गाणं कागदावर आलं होतं. तेवढ्यात पेटीचा भाता फाटला.

ही पेटी पार्टीनं फार पूर्वी जुन्या बाजारातून आणलेली. शेषराव काकांनी ती शहागंजमागच्या एका मिस्त्रीकडं नेली. जयंती तोंडावर होती, म्हणून मिस्त्रीनं घाईनं पण मन लावून काम केलं. भाता नवा, कड्या नव्या, आणि कुणी न सांगता सगळे सूरही लावून दिले. काका ओट्यावर पेटी ठेवत कौतुकानं सांगत होते, मिस्त्री म्हणाला, "एक सुर कब का बैठा पडा था, खडा कर दिया."

त्या संध्याकाळच्या तालमीत पप्पांनी 'माय पायरीला बसली' सुरू केलं. 'सुटं'पाशी त्यांचा सूर नेहमीसारखा खाली गेला आणि पेटी वर राहिली. दाताखाली खडा यावा तसं झालं. ढोलकी थांबली. परत घेतलं, परत तेच. काकांनी भाता बघितला, पप्पा पाणी प्यायले, आणि पुन्हा तिथंच अडलं. आजारी माणसाला काय म्हणायचं?

पप्पाच म्हणाले. "पेटी नीट झाली, शेषराव. माझाच सूर गेला. आवाजाच्या आधीच गेला."

झांज खाली ठेवून ते आत गेले. त्यानंतर काही दिवस ते गायलेच नाहीत. मी पत्रकं घेऊन बसले की मान हलवायचे, नको म्हणून. आवाज जाणार हे त्यांनी सोसलं होतं. तो डॉक्टरांकडं जाणार होता, आजारानं जाणार होता, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. पण आपण बेसूर झालो, ज्या एका गाण्यावर कुणाचं नाव नव्हतं तेच आपल्याला लागत नाही, हे त्यांना सोसवेना. वस्तीत कुणी भेटायला आलं की ते स्वतःच सांगायचे, माझा सूर गेला. कुणी मेल्याची बातमी सांगावी तसं.

माझ्या फोनमध्ये आदल्या वर्षीच्या तालमीचा एक तुकडा होता. मागं पोरांचा दंगा, मध्येच प्रेशर कुकरची शिट्टी, पण पप्पांचा धडधाकट आवाज आणि जुनी पेटी. तो मी मॅडमना ऐकवला. त्यांनी पांढरी दोनचा तानपुरा लावला, डोळे मिटले, परत लाव म्हणाल्या, आणखी एकदा लाव म्हणाल्या. मग आपल्या पेटीवर पांढरी चारची पट्टी, म्हणजे त्या सा-चा कोमल गंधार, दाबली आणि सोडली.

"गळा चुकला नाय," त्या म्हणाल्या. "गळा पेटीला धरून बसलाय. तुमची पेटीच खाली होती. रिषभाच्या वर आणि कोमल गंधाराच्या खाली, मधेच कुठंतरी."

एवढीच गोष्ट होती. कधीतरी त्या पट्टीचा सूर उतरला. कुणाला कळलं नाही, कारण दुसरी पेटी नव्हतीच. पप्पांनी त्याच पेटीवर चाल बांधली. पार्टी तेच शिकली, पार्टीकडून वस्ती शिकली, आणि एक बसलेला सूर शेकडो गळ्यांत जाऊन बसला.

बजाजनगरला पोहोचेपर्यंत बस मला कधी इतकी सावकाश वाटली नव्हती. पप्पा लसूण सोलत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, फोनवरचा तुकडा ऐकवला, शेषराव काकांना बोलावून पेटीवर दाखवलं. तुम्ही चुकला नाहीत, पेटी खाली होती. पप्पा ऐकत राहिले. बोटांत लसणाची पाकळी तशीच.

"म्हणजे येवढी वर्षं आपण सगळेच बेसूर होतो, म्हण की."

"सगळेच," काका म्हणाले.

"अख्खी वस्ती?"

आई आतून म्हणाली, "मला तर तेच गोड लागतंय, बाई."

पप्पा हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना, आईनं पाठीवरून हात फिरवला. पण त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. डोळे पुसत त्यांनी मला विचारलं, "आता तू काय लिहिणार? पुस्तकातला का आपला?"

इतके दिवस मी शब्दांवर भांडले होते. शुद्ध कुणाला म्हणायचं, विकृत कुणाला, वर्ज्य कुणी ठरवायचं. त्या सगळ्या शब्दांना निदान पुस्तकात जागा तरी होती. या सुराला जागाच नव्हती. मी म्हणाले, "आपला."

"मग शेषराव, तेवढ्या जाग्यावर तू बोट उचल."

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, हा लिहू कसा? त्या म्हणाल्या, कोमलला एक रेघ असते, तू दोन दे आणि खाली टीप लिही. मी विचारलं, असं पुस्तकात आहे का. "नाय," त्या म्हणाल्या. "पुस्तकात सगळं असतं, तर तू माझ्याशी येवढी भांडली असती का?"

जयंतीच्या दिवशी ऊन उतरता उतरता स्टेज लागलं. निळे झेंडे, पाण्याचे जार, इस्त्रीच्या नव्या साड्यांचा वास, स्पीकरच्या भिंतींपुढं नाचणारी धुळकट पोरं. पप्पांच्या वेळेला कुणीतरी नाचाचे स्पीकर बंद करायला लावले. पप्पांचा आवाज दोऱ्याएवढा उरला होता, फाटलेला, ओढून आणलेला. 'माय पायरीला बसली.' आणि 'सुटं'पाशी शेषराव काकांनी बोट उचललं. ढोलकीवाल्यानंही हात वर धरला. पेटी नाही, ढोलकी नाही. त्या रिकाम्या जागेत समोरच्या मैदानातून, बायांच्या बाजूनं, तो सूर आला. दबलेला, टेकलेला, सगळ्यांचा एक. शेवटच्या कडव्याला पप्पा गायलेच नाहीत. माइकसमोर ओठ मिटून ऐकत उभे राहिले.

त्यांचं माझ्या कानांवर पडलेलं शेवटचं गाणं ते. त्यानंतर ऑपरेशन झालं. गळ्याला छिद्र आणि त्यावर पांढरी जाळी घेऊन ते घरी आले. मी लिहिलेलं त्यांना म्हणून दाखवायचे आणि ते मांडीवर ताल धरायचे. टाळी, टाळी, उघडा तळवा. चुकलं की तर्जनीनं सांगायचे, वर, खाली, अजून खाली. त्या दोन रेघांपाशी त्यांचं बोट नेहमी खाली जायचं आणि मी पोहोचले की हळूच थांबायचं. आमच्या घरात कधी इतकं कमी बोलणं आणि इतकं गाणं झालं नव्हतं. पुढच्या जयंतीला आम्ही पत्रक छापलं. 'चाल : स्वतंत्र', आणि त्याखाली पहिल्यांदा स्वरलिपी. छापखान्यात ग-खाली दोन रेघा येईनात, म्हणून प्रत्येक कागदावर दुसरी रेघ पप्पांनी पेननं ओढली. त्यानंतरच्या थंडीत ते गेले.

मी शिकत राहिले. एकदा कागद पुरा झाल्यावर सोडता आलं असतं, पण त्या गच्चीवरच्या खोलीत पप्पांच्या सुराची जागा एकदा तरी कुणीतरी शोधली होती, म्हणून मी जात राहिले. परीक्षा दिल्या. रोज पहाटे तानपुरा लावून बसायचे. माझा सा डुगडुगायचा थांबला. कोमल गंधार डोळे मिटून, झोपेतून उठून लागेल इतका पक्का झाला. मॅडमना अभिमान वाटायचा. मलाही वाटायचा. इतकी वर्षं बाहेर ठेवलेल्यांच्या मुलीला आता कुणी बेसूर म्हणू शकणार नव्हतं.

गेल्या आठवड्यातल्या जयंतीत पप्पांचं गाणं मी गायलं. मैदान तेच, पण वस्ती बदलली आहे. जुनी माणसं निवृत्त होऊन गावी गेली, खोल्यांत दुसऱ्या राज्यांतून आलेले नवे कामगार आहेत, आणि पुढं उभी असलेली पोरं गाण्याऐवजी फोन वर धरतात. शेषराव काकांचे हात थरथरतात आता. तरी 'सुटं'पाशी त्यांनी बोट उचललं. जागा रिकामी झाली. मैदानातून काही आलं नाही. मी एकटीनं सूर लावला आणि तो स्वच्छ, सरळ, पुस्तकातला कोमल गंधार निघाला.

मला लावतानाच कळलं. काकांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. पुढच्या कडव्याला त्यांनी बोट उचललं नाही. उचलायचं कारणच उरलं नव्हतं. पेटी आणि मी एकाच सुरात होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फोनमधला तो तुकडा अजून आहे. रोज ऐकते. तो सूर कानाला कळतो, गळ्यात उतरत नाही. उतरता उतरता ओळखीच्या पायरीवर जाऊन उभा राहतो.

आज सकाळी नळाला पाणी आलं. आई ड्रम भरत होती, आणि पाण्याच्या आवाजाखाली नेहमीसारखं तिचं तिचं म्हणत होती. शाळा सुटंस्तोवर. तिथं सूर दबला. मी उंबऱ्यात बसले. तानपुरा नाही, पेटी नाही. म्हणाले, आई, परत म्हण. तिनं म्हटलं. मी तिच्यामागून म्हटलं.

"अजून खाली," ती म्हणाली. तिचं लक्ष ड्रमकडं होतं.

मी परत म्हटलं.

"अजून खाली, पोरी."

मी परत म्हटलं. या वेळी ती काहीच बोलली नाही. ड्रम भरला होता, तिनं नळ बंद केला. जमलं म्हणून ती गप्प राहिली की दमली म्हणून, हे विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.